सोळाव्या दिवसाची खिरापत

"दोनच नियम आहेत," नीलाताई माझ्या आईला म्हणाली. "इथं कुठल्या पोराला 'बोल की गं' म्हणायचं नाही. आणि कुठल्या म्हाताऱ्या माणसाला 'तब्येत कशी आहे' विचारायचं नाही. बाकी काय वाट्टेल ते करा."

मी आईच्या पाठीमागं, तिच्या पदराचं टोक दातांत धरून उभी होते. नऊ वर्षांची होते मी तेव्हा.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत, एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत 'ओसरी' भरायची. नीलाताईच्या संस्थेचं नावच ते. स्टुडिओतलं सगळं सामान गेलं होतं, पण भिंतीवरचा रंगवलेला पडदा तसाच होता. निळाभोर धबधबा, खाली तळं, तळ्यात दोन राजहंस. एका हंसाची चोच पोपडा धरून उडालेली. त्या धबधब्याखाली सतरंजीवर सात-आठ म्हातारी माणसं आणि तितकीच पोरं बसलेली असायची. कुणाची झोप उडालेली, कुणाचं मन उडालेलं.

आईनं पिशवीतून शाळेची चिठ्ठी काढली. "दिवाळीनंतर तोंडी परीक्षा आहे. तेव्हाही बोलली नाही तर मुक्या मुलांच्या शाळेत घाला म्हणतात हो, ताई. आणि घरी हिची टकळी थांबत नाही! शेजारीण म्हणते, तुमच्याकडं रेडिओ आहे का?"

खरंच होतं ते. घरात मी अखंड बोलायची. उंबरा ओलांडला की आवाज मागं राहायचा, चपला विसरून अनवाणी निघाल्यासारखं व्हायचं. मी हट्ट करत नव्हते. शब्द गळ्यापर्यंत यायचे, तिथं दाटीवाटीनं उभे राहायचे आणि एकही पुढं सरायचा नाही.

"हट्ट नाही हा," नीलाताई माझ्याकडं न बघताच म्हणाली, आणि आईच्या पदराचं टोक माझ्या दातांतून सुटलं. "आतली कडी आहे. बाहेरून दार ठोकून निघायची नाही."

ओसरीत प्रत्येक पोराची एका म्हाताऱ्या माणसाशी जोडी लावायचे. कोपऱ्यात एक बाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. अंगानं काटक, कपाळावर गोंदण, नऊवारीचा काष्टा घट्ट. सोनाक्का.

"मला जोडी नको," ती भिंतीलाच म्हणाली. "पोरं लई बडबडतात."

"ही बोलत नाही," नीलाताई म्हणाली.

सोनाक्कानं मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग बसू दे."

आमची जोडी जमली ती अशी.

सोनाक्काचे मालक शिमग्याच्या आसपास वारले होते. मग मुलानं तिला गावाहून इथं आणलं. तिची सून सुरेखावहिनी रोज तिला ओसरीत सोडायची आणि दारातच नीलाताईला बजावायची, "ताई, आत्यांना शेगडीजवळ जाऊ देऊ नका हं. दोनदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच वाहत राहिला. माझं तान्हं पोर आत झोपलेलं. देवानंच वाचवलं." म्हणून तिनं शेगडीची दोन्ही बटणं काढून कपाटावर ठेवली होती. लागतील तेव्हा ती स्वतः लावायची, पुन्हा काढायची. वहिनी दुष्ट नव्हती. घाबरली होती, एवढंच.

"चहासुद्धा मागून प्यायचा," सोनाक्का भिंतीला सांगायची. "साठ वर्षं चूल पेटवली, आणि आता मागून प्यायचा."

भाद्रपद सरत आला तसा नीलाताईनं विषय काढला, "यंदा ओसरीत हादगा घालायचा का?" आणि सोनाक्का पहिल्यांदा पूर्ण वळून बसली.

हादगा म्हणजे आमच्याकडं सोळा दिवसांचा खेळ. समोरासमोर तोंड केलेल्या दोन हत्तींचं चित्र भिंतीवर लावायचं, त्यावर फळांची माळ घालायची, आणि पोरींनी फेर धरून गाणी म्हणायची. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. गाणी झाली की खिरापत. ती झाकलेल्या डब्यात असते, खिरापतवाली डबा हलवून दाखवते, आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. हरल्या तर डबा आला तसा परत जातो.

त्या संध्याकाळी सुरेखावहिनी न्यायला आली, तशी सोनाक्का दारात आडवी उभी राहिली.

"सुरेखा, सोळा दिवस हादगा मी घालणार. गाणी मी सांगणार, खिरापत मी करणार, इथल्या शेगडीवर. एक गाणं मागंपुढं झालं, एक खिरापत चुकली, तर ती बटणं दे आडात टाकून. न्हाई चुकलं तर माझ्या हातात द्यायची."

"आत्या, असं काय लहान पोरासारखं..."

"भ्यालीस?"

वहिनीलाही चेव आला. "चालतंय की! सोळाव्या दिवशी मी स्वतः येणार बघायला."

"अक्का, परीक्षा कशाला हवी?" नीलाताई मध्ये पडली.

"तू गप गं. सासू-सुनेचं हाय हे."

दुसऱ्या दिवसापासून ओसरीच्या मागच्या खोलीत, जिथं पूर्वी फोटो धुवायचे, तिथं आम्ही दोघी खिरापत करायला लागलो. मी शेंगा फोडायची, गूळ चिरायची, वेलदोडे सोलायची. नीलाताई खुर्ची टाकून दारात बसायची आणि काहीतरी वाचत असल्याचं दाखवायची.

"तुझ्यासारखी खिरापतीची भागीदारीण मिळायची न्हाई," सोनाक्का म्हणाली. "दुसरी असती तर फेर धरायच्या आधीच फुटली असती."

मला हसू आलं. माझ्या न बोलण्याचा कुणाला उपयोग होतोय, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

आणि मी कुणाला सांगणार नाही म्हणून असेल, ती मला सगळं सांगायची. "दूध उतू जाताना दिसत हुतं गं मला. आंधळी न्हाई मी, येडी बी न्हाई. पण हे सकाळी चहाला बसायचे, तो पाट गावाहून संगं आणलाय मी, त्याच्याकडं नजर जायची. तिकडं बघत बसलं की हात उचलायचाच न्हाई." मग कणकेला एक बुक्की. "तुझं कसं, घशातनं शब्द उचलत न्हाई. तसंच."

मी मान हलवली. तसंच होतं.

पीठ मळताना ती ओव्या म्हणायची. कुठून आणायची कोण जाणे. एकदा माझ्याकडं बघत म्हणाली,

जोंधळा माझा बाई, आला गं पोटरीला
कणीस दिसेना म्हणून, मोडू नका धाटाला
आतल्या आत त्याचा, दाणा भरू लागला

मी घरी जाऊन ती ओवी आईला शंभरदा म्हणून दाखवली. आई भाकरी थापता थापता थांबली आणि तिनं तोंड फिरवलं.

हादगा रंगत गेला. रंगवलेल्या धबधब्यावरच हत्तींचं चित्र चिकटवलं होतं, त्यामुळं हत्ती तळ्यावर पाणी प्यायला आल्यासारखे दिसायचे. माळेत सोनाक्का रोज एक फळ वाढवायची. पेरू, काकडी, दोडका, कवठ, सीताफळ. प्रत्येक फळ म्हणजे एक गाणं. माळेवरून बोट फिरवत गेलं की गाणी ओळीनं यायची.

"ही तुमची यादी होय?" मारुतीदाजींनी विचारलं. दाजी म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. बायको गेल्यापासून घरात त्यांना बसवत नव्हतं, म्हणून ओसरीत यायचे. "आमच्या तिकिटांच्या पुस्तकापेक्षा सोपं आहे की. आणि एखादं फळ कुणी खाल्लं तर?"

"तर त्याच्या पोटातनं गाणं काढीन," सोनाक्का म्हणाली.

पोरी फेर धरायच्या. मीही धरायची, ओठ मिटून. माझ्या डाव्या हाताला तस्लीम असायची. पावसाळ्यात तिच्या अब्बांची रिक्षा ओढ्यात कलंडली, तेव्हा ती आत होती. तेव्हापासून ती बोलायची ते इतकं हळू, की ऐकायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. खिरापत ओळखायची मात्र तिला फार हौस. रोज ओळखायची आणि रोज चुकायची. पंधरा दिवसांत ती तेरा वेळा 'लाडू' म्हणाली असेल.

"अगं, लाडू गडगडतो!" दाजी डबा कानाशी धरून म्हणायचे. "हे तर गप आहे. धपाटं असणार."

"दाजी, तुमचा डाव न्हाई हा! पोरींचा खेळ हाय. बसा तिकडं, तिकिटं फाडा."

पंधरा दिवस झाले. पंधरा गाणी, पंधरा खिरापती. एक फळ इकडचं तिकडं झालं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळीच सोनाक्कानं कापडात गुंडाळलेला लाकडी साचा आणला, नक्षीचा. गुळाच्या पाण्यात कणीक मळली, तीत बडीशेप घातली. छोट्या पोळ्या लाटून एकेक साच्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "थाप." मी तळव्यानं थापलं. पोळी उचलली तर तिच्यावर वेलबुट्टी उठलेली! मग ती तव्यावर गेली, वरून तूप.

चोंगे.

मी चकित होऊन तिच्याकडं पाहिलं. चोंगे मोहरमला करतात. हादग्याला कोण चोंगे करतं?

"गावात आमच्या दाराशीच पंजे बसायचे," ती म्हणाली. "सगळी आळी करायची चोंगे. हादग्याला करू नये असं कुठं लिवलंय?" मग साचा पुसत, "एक जण सोडली तर कुणाला ओळखायचं न्हाई."

सगळे झाल्यावर तिनं मला हात धुवायला पाठवलं आणि डबा स्वतः भरला. परत आले तेव्हा झाकण लागलेलं होतं.

दुपारी ओसरी गच्च भरली. माझी आई आली होती. तस्लीमची अम्मी आली होती. दाराजवळ सुरेखावहिनी उभी होती, कडेवर पोर. बसा म्हटलं तरी बसली नाही.

सोनाक्कानं माळेवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. शेवटचं सोळावं गाणं तिनं स्वतःच जुळवलेलं होतं, आम्हा पोरींसाठी,

हत्ती आले तळ्याकाठी, सोंडेमध्ये पाणी
एक हत्ती मुका, बाई, एक म्हणे गाणी
मुक्यानं गं मुकाट्यानं तळं केलं रितं
गाणाऱ्याला विचारलं, "राहिलं का तिथं?"

ओसरी हसली. मी वहिनीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता. सोळाच्या सोळा झाली होती. आता फक्त खिरापत राहिली होती.

सोनाक्कानं डबा हलवला. आवाज नाही.

"करंजी?"

"न्हाई."

"पुरणपोळी? सांजोरी? तिखटमिठाच्या पुऱ्या?"

"न्हाई. न्हाई. न्हाई."

"थालीपीठ!" दाजी ओरडले.

"दाजी!"

पोरी दमल्या. फेर सैल झाला. तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला एक पुसट आवाज झाला. "चोंगे?"

तस्लीमनं ओळखलं होतं! सोळा दिवसांनी ओळखलं होतं!

"काय म्हणाली?" सोनाक्कानं विचारलं. "मोठ्यानं."

तस्लीमनं श्वास घेतला. "चोंगे."

सोनाक्का तिच्याकडं बघून सरळ म्हणाली, "न्हाई."

दोघी-तिघी पोरी फिस्सकन हसल्या. "हादग्याला चोंगे!" तस्लीमची मान खाली गेली. तिचा हात माझ्या हातातून हळूहळू निसटायला लागला.

मी सोनाक्काकडं पाहत राहिले. सकाळी आम्ही दोघींनी केलेत. अजून माझ्या बोटांना बडीशेपेचा वास आहे. मग ध्यानात आलं, ती पुन्हा मनातल्या मनात त्या रिकाम्या पाटाकडं बघतेय. विसरली! आणि दारात वहिनी उभी आहे.

मी बोलले तर अक्काची बटणं गेली. नाही बोलले तर तस्लीम खोटी ठरली.

मी पळत जाऊन सोनाक्काचा पदर ओढला. डब्याकडं बोट दाखवलं. हातांनी थापून दाखवलं, असं, असं.

"काय गं? पदर सोड."

मी झाकणाला हात घातला. तिनं तो धरला. साठ वर्षं जात्यावर दळलेला हात होता तो, हलेना.

"ओळखल्याशिवाय झाकण निघत न्हाई. तोंडानं ओळखायचं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हरलात न्हवं का पोरींनो? नेऊ डबा घरी?"

तस्लीमच्या डोळ्यांतून टपकन थेंब पडला.

"चोंगेच हायत!"

कोण ओरडलं म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"चोंगेच हायत! तिनं ओळखलंय! मी थापलेत माझ्या हातानं! अक्का, तू खोटं बोलतीस!"

आई अर्धवट उठली आणि तशीच राहिली. कुणीतरी टाळीसाठी हात उचलले, तर नीलाताईनं डोळे वटारून ते खाली करायला लावले. दाजींनी रुमाल काढून नाक शिंकरलं, केवढ्या मोठ्यानं!

"चोंगे व्हय?" सोनाक्का म्हणाली. तिनं डब्यावरचा हात काढला. "मग असतील बाई."

"आत्या," दारातून वहिनी हळूच म्हणाली, "विसरलात की हो."

"विसरले," सोनाक्का म्हणाली. "वय झालं."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं, ना दुःख, ना लाज. वहिनीनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

जी ओळखते तिनं डबा उघडायचा. तस्लीमनं गुडघे टेकले, झाकण काढलं आणि वाकून आत पाहिलं. पाहतच राहिली.

"ह्याच्यावर माझं नाव आहे," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

वरच्या चोंग्यावर, मध्यभागी, लवंगा टोचून 'त' काढला होता. त्याच्या शेजारच्या चोंग्यावर लवंगांचाच, जरा वाकडा 'उ'. माझं नाव उर्मिला. सोनाक्का शाळेत दुसरीपर्यंत गेली होती, अक्षरओळख तेवढीच होती.

वहिनी दारातून आत आली. डब्यात बघितलं. तस्लीमकडं, मग माझ्याकडं. मग सासूकडं बराच वेळ.

"आत्या, हे कधी काढलंत?"

"काय की. विसरले म्हटलं न्हवं."

"ओळखणार कोण आणि भांडणार कोण, ते सकाळीच ठाऊक होतं तुम्हाला?"

"झाकण लाव गं तस्लीम," सोनाक्का म्हणाली. "माश्या बसतील."

वहिनी खाली बसली. हसायला लागली की रडायला, ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की आता बोलायला हवं, आणि बोलता येतंय. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. "पहिल्या दिवशी शेंगदाण्याची चिक्की, दुसऱ्या दिवशी दडपे पोहे, तिसऱ्या दिवशी कानवले... अक्का काही विसरत नाही, वहिनी. गूळ किती तेसुद्धा विसरत नाही. चौथ्या दिवशी..." सोळाच्या सोळा सांगितल्या. मध्येच थांबले तर थांबून राहीन अशी भीती वाटत होती. थांबले तेव्हा आईनं मला पोटाशी धरलं होतं, आणि तस्लीम तिचा अर्धा चोंगा माझ्या तोंडासमोर धरून उभी होती.

"खा आता," दाजी म्हणाले. "सोळा स्टॉप घेतले पोरीनं, एकाही ठिकाणी घंटी चुकली नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनी ओसरीत आली तेव्हा तिच्या रुमालाला गाठ होती. तिनं ती सोडली आणि दोन काळी बटणं सासूच्या तळहातावर ठेवली.

"चहा तुम्ही करायचा. पण दूध तापेपर्यंत मी शेजारी उभी राहणार."

"उभी कशाला? पाट हाय की तिथं. बस."

वहिनीला काय कळलं कुणास ठाऊक. पण त्या दिवसापासून ती रोज सकाळी त्या पाटावर बसून चहा प्यायला लागली. मग दूध उतू गेलं नाही.

माझा आवाज एकदम सगळीकडं पोहोचला नाही. आधी ओसरीत, मग तस्लीमच्या घरात, मग रस्त्यावर, वाण्याच्या दुकानात. शाळेत सगळ्यात शेवटी. दिवाळीनंतरच्या तोंडी परीक्षेला बाईंनी कविता म्हणायला सांगितली. मी जोंधळ्याची ओवी म्हटली. पुस्तकात नव्हती ती. बाईंनी पूर्ण गुण दिले आणि आईकडची ती चिठ्ठी मागवून घेऊन माझ्यादेखत फाडली.

खूप वर्षांनी, नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा मी सोनाक्काला विचारलं, "अक्का, तो लवंगांचा 'त' कुणी बघितला नसता तर? बटणं गेली असती की."

"गेली असती तर गेली असती," ती म्हणाली. नव्वदीला टेकली होती, पण शेगडीवर चहा तिचाच होता. "चहा काय, कुणीबी करतंय. तुझ्या वाटचं कोण वरडणार हुतं?"

नोकरी म्हणजे एसटी स्टँडवर गाड्या पुकारायची. अजून तीच करते. रोज हजारो माणसं माझ्या आवाजावर उठतात, पिशव्या उचलतात, योग्य फलाटावर जातात. मारुतीदाजी होते तोवर आठवड्यातून एकदा नुसते ऐकायला येऊन बाकावर बसायचे.

लेकरानं पहिला शब्द काय काढला ते लोक कौतुकानं सांगतात. आई, बाबा, पाणी. उंबऱ्याबाहेरचा माझा पहिला शब्द चोंगे. आणि त्याच दमात मी एका म्हाताऱ्या बाईला भर सभेत सुनावलं, तू खोटं बोलतीस म्हणून.

बरोबर होतं माझं. बोलतच होती ती खोटं.